एकोणीस अंश उत्तर

आमच्या दाजींइतकं जग कवेत घेतलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी शिवनेरीवर चढून ओरडून सांगायला तयार आहे. आणि हे जग त्यांनी कवेत घेतलं ते नारायणगावातल्या आपल्या खतं-बियाण्यांच्या दुकानात, तराजूशेजारच्या लाकडी खुर्चीवर बसून. पासपोर्ट त्यांनी आजतागायत काढलेला नाही. समुद्र पाहिला तो एकदाच, अलिबागला, आणि तोही लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गेले म्हणून. पण लिमा, नैरोबी, स्टॉकहोम ही नावं त्यांच्या तोंडून अशी निघतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही सगळी ओतूर-आळेफाट्याकडची वस्त्या-वाड्यांची गावं असतील.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. खोडदला त्यांची वडिलोपार्जित शेती आहे, राहणंही तिथंच. दुकानापुरते ते नारायणगावला येतात. मी जुन्नरच्या शाळेत मराठी शिकवायचो आणि सुट्टीचा दिवस उजाडला की अक्काच्या हातचं जेवायला खोडदला पळायचो. जेवणाआधी दाजींचं जगाचं निरूपण ऐकावं लागे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीही भूक असे.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. शहराची खरी ओळख एकच : ते विषुववृत्तापासून किती लांब आहे. लोकसंख्या, नद्या, राजवाडे, उंच इमारती या सगळ्या बाजारगप्पा. कुणी लंडनचं नाव काढलं की दाजी डोळे मिटून म्हणायचे, "साडेएक्कावन. ऊन पडलं की लोक फोटू काढत असत्याल." सिंगापूर म्हटलं की, "दीड. दिवस तिथं ल्हान व्हत न्हाय का मोठा व्हत न्हाय. मानसाला दिवाळी आली ह्ये कळावं कसं?" रोम आणि शिकागो ही दोन शहरं एकाच रेषेवर आहेत, याचा त्यांना कोण आनंद! "एका पंगतीला बसल्यात दोघं. पन रोमवाल्याच्या पानात ऊन जास्त वाढलंय." हे अंश ते 'डिग्री' या नावानं मोजत, आणि त्यामुळे गोंधळही होत. मंचरच्या एका मुलीसाठी स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांना त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मुलगा कितव्या डिग्रीचा?" पाहुणे अभिमानानं म्हणाले, "दुसरी चालू आहे, पहिली बी. ई. झाली." दाजींनी कपाळाला हात लावला. "आवो, त्याच्या शाळेचं न्हाय इचारत. ऱ्हातो ते गाव कितव्या डिग्रीवर हाय?"

रेखांशांना मात्र त्यांच्या राज्यात थारा नव्हता. पूर्व-पश्चिम अंतर त्यांना अंतर वाटतच नसे. "त्यो घड्याळवाल्यांचा धंदा," म्हणून ते तो विषय झटकून टाकत. याचा परिणाम असा, की मेक्सिको त्यांच्या हिशेबी शेजार होता आणि दिल्ली परदेश. एकदा मी शाळेच्या कामासाठी दिल्लीला निघालो, तर हा माणूस मला पोचवायला मुद्दाम एस. टी. स्टँडवर आला, माझ्या हातात मफलर कोंबला आणि म्हणाला, "पावणं, नऊ डिग्री वर चाललाय. पानी उकळून प्या." मे महिना होता. दिल्लीत त्या आठवड्यात डांबर वितळत होतं.

हे वेड त्यांना लागलं ते खोडदच्या शिवारात त्या मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणी उभ्या राहत होत्या त्या दिवसांत. लोखंडी जाळीच्या अवाढव्य परड्या आकाशाकडे तोंड करून बसवल्या जात होत्या आणि कामासाठी देशोदेशींची माणसं येत होती. त्यांतला एक उंच, उन्हानं लाल झालेला गोरा माणूस एका दुपारी दाजींच्या मळ्यात पाणी मागायला आला. अक्कानं त्याला ताक दिलं. सोबत दुभाषी होता, त्याच्यामार्फत दाजींनी विचारलं, गाव कोणतं? त्यानं सांगितलं, ऑस्ट्रेलियातलं टाउन्सव्हिल. मग त्यानं बोटानं मातीत एक आडवी रेघ ओढली, तिच्या वर एक खडा ठेवला, खाली तेवढ्याच अंतरावर दुसरा ठेवला आणि सांगितलं, ही मधली रेघ म्हणजे विषुववृत्त. वरचा खडा तुमचं गाव, एकोणीस अंश उत्तर. खालचा माझं, एकोणीस अंश दक्षिण. एवढं सांगून, ताकाचा आणखी एक पेला पिऊन तो गेला तो गेलाच. पण दाजी त्या दोन खड्यांपुढे संध्याकाळपर्यंत बसून होते, असं अक्का सांगते. आपण इथं कांदे लावतो, आणि पृथ्वीच्या पाठीवर बरोब्बर आरशातल्यासारखा दुसरा कुणीतरी आहे, ही गोष्ट त्यांना जी लागली ती लागलीच. पुढच्या आठवड्यात ते पुण्याहून पृथ्वीचा गोल घेऊन आले, एकोणिसाव्या अंशावर लाल दोरा गुंडाळला आणि तो दुकानाच्या गल्ल्यावर, कीटकनाशकांच्या बाटल्यांच्या मधोमध मांडला. त्याच वर्षी मुलगी झाली. तिचं नाव 'विषुवा' ठेवायचा त्यांचा बेत होता. अक्कानं बारशाच्या आदल्या दिवशी माहेरी जायची पिशवी भरली, तेव्हा कुठं 'सुवर्णा'वर तडजोड झाली.

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला बियाण्याच्या पुडीबरोबर एक तरी शहर मिळत असे. त्यांचा सर्वांत लाडका सिद्धांत टोमॅटोचा. टोमॅटो मूळचा मेक्सिकोकडचा, मेक्सिको शहर आपल्याच रेषेवर, म्हणून नारायणगावचा टोमॅटो असा पिकतो. "त्याला वाटतंय, आपुन घरीच हाय." शेतकरी मान डोलवत, कारण टोमॅटो खरंच पिकत होता. सिद्धांताला सुरुंग लावला तो तळेघरच्या एका शेतकऱ्यानं. भात निघाल्यावर भाजीपाला लावावा म्हणून तो बी न्यायला आला होता. सगळं शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, "दाजी, आमी बी त्याच रेषेवर ना? मग आमच्याकडं का न्हाय असा टमाटा व्हत?" दोन दिवस दाजींनी कुणाला एकही शहर सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मोटरसायकलच्या मागं बसून ते प्रत्यक्ष तळेघरला निघाले. पौषाचे दिवस होते, मी स्वेटर घालून होतो. दाजी अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर. रेष एक म्हणजे हवा एक! डिंभ्याच्या पुढं घाट चढू लागलो तसे त्यांचे दात माझ्या कानाशी वाजू लागले. त्या शेतकऱ्याच्या घरी पोचल्यावर त्यानं त्यांना घोंगडीत गुंडाळून चुलीपुढे बसवलं आणि तव्यावरची नाचणीची भाकरी हातावर ठेवली. थोडी ऊब आल्यावर म्हणाला, "रेष बरोबर असंल तुमची. पन आमचा डोंगर तिच्याखाली मावंना, त्याला काय करायचं?" परतताना नारायणगाव आल्यावर दाजी म्हणाले, "उंचीचं एक कलम घालाया लागंल." पण रेषेवरचा विश्वास तसूभर हलला नव्हता.

त्यांच्या या शास्त्राची खरी गंमत कळलेला माणूस म्हणजे त्यांचे जुन्नरचे दोस्त, कापडाचे व्यापारी चाचा. चाचा हजला निघाले तेव्हा दाजी त्यांना भेटायला गेले आणि दिलासा देत म्हणाले, "मक्का एकवीस. आपल्यापास्नं दोनच डिग्री. लांब न्हाईच तसं." परत आल्यावर चाचांनी खजूर दिले आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "दाजी, दोन डिग्री चढायला विमानाला लई वेळ लागला बघा. ड्रायव्हर नवीन असंल." दाजीही मोठ्यानं हसले. स्वतःवर हसता येत होतं, म्हणूनच त्यांचं वेड कुणाला कधी टोचलं नाही.

टोचलं ते एकदाच, आणि ते त्यांच्याच घरात. सुवर्णा हुशार निघाली. लहानपणापासून बापाच्या दुकानात मातीचे नमुने हुंगत वाढलेली पोर. मातीतल्या जिवाणूंचाच अभ्यास केला आणि पुढच्या संशोधनासाठी तिला परदेशात जागा मिळाली. त्या संध्याकाळी मी खोडदलाच होतो. ती बातमी घेऊन आली तेव्हा दाजी पडवीत झोपाळ्यावर बसले होते.

"कुठं म्हनलीस?"

"कुओपिओ, आप्पा. फिनलंडमध्ये."

घरातही एक गोल होता, दुकानातल्याचा धाकटा भाऊ. दाजींनी तो मांडीवर घेतला. कुओपिओचं नाव त्यावर छापलेलं नव्हतं. सुवर्णानं बोट ठेवलं. दाजींनी चष्मा वर सरकवून ते बोट कुठं टेकलंय हे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"त्रेसष्ट," ते म्हणाले. मग बोटांनी अंतर मोजत राहिले. "आपुन एकोणीस. मधी चव्वेचाळीस. आन् तिथनं उत्तर ध्रुव सत्तावीस. म्हंजे बापापेक्षा ध्रुव जवळ तुला."

"आप्पा, अभ्यास चांगला आहे तिथं."

"वीस-बाविसात काय न्हाई का? मेक्सिको बघ. होनोलुलू हाय एकवीस. न्हायतर खालच्या अंगाला मॉरिशस, तिथं आपली मान्सं बी हायेत."

सुवर्णा हसली, पण तिचे डोळे भरले होते. "मी टोमॅटो नाही, आप्पा. मी कुठंही रुजेन."

दाजी गोल फिरवत राहिले. "टमाट्याचं चुकलं तर फुडल्या हंगामात सुधारता येतं," ते म्हणाले आणि उठून मळ्यात निघून गेले.

ती गेली. विमानतळावर तिला सोडायला मी आणि अक्का गेलो. दाजी आले नाहीत; हंगामाचे दिवस आहेत, दुकान बंद ठेवून कसं चालेल, असं म्हणाले. हंगाम नव्हता. नंतर मी दुकानात गेलो तर गल्ल्यावर गोल नव्हता, तो मागं खताच्या पोत्यांआड ठेवला होता. एक जुनं गिऱ्हाईक लाडीगोडीनं म्हणालं, "दाजी, आज पॅरिस तरी सांगा की." दाजींनी मान वर न करता त्याच्यापुढं पुडी सरकवली. "बी घ्या आन् जावा राव." नारायणगावच्या बाजारपेठेत त्या दिवसांत एक प्रकारचा सुनेपणा आला होता. माणसं नुसतीच बियाणं घेऊन घरी जात होती.

डिसेंबर लागला तसा सुवर्णाचा आवाज फोनवर बदलत गेला. आधी ती कामाचं सांगायची, बर्फाचं सांगायची. मग नुसतं "बरं आहे" म्हणू लागली. अंधारात उठायचं, अंधारात परत यायचं. मधे थोडा वेळ सूर्य येतो तो खिडकीत डोकावल्यासारखा, आणि जातो. काही झालं नसताना रडू येतं, असं ती अक्काला म्हणाली. अक्का घाबरली आणि तिनं मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा सुवर्णाचा पुन्हा फोन आला होता. अक्कानं तो पडवीच्या कठड्यावर ठेवला होता, आवाज मोठा करून. दाजी पलीकडे झोपाळ्यावर, आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्यानं बसले होते.

"आई," सुवर्णा म्हणाली, "मी परत येऊ का?"

अक्कानं दाजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. इतके महिने ज्या वाक्याची वाट पाहिली, ते वाक्य त्यांच्या पुढ्यात येऊन पडलं होतं. 'ये' एवढं एक अक्षर पुरलं असतं. दाजी उठले, फोनजवळ आले आणि त्यांनी विचारलं, "सुवर्णा, तिथं आत्ता सूर्व्य हाय का?"

पलीकडे पडदा सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आहे. मावळतोय. खिडकीतून थोडा दिसतोय."

"थांब जरा." दाजी फोन घेऊन अंगणात गेले, तिथून बांधावर. मी मागोमाग गेलो. पश्चिमेला सूर्य डोंगराला टेकत होता. "हितं बी मावळतोय," ते म्हणाले. "बघ तू. मी बी बघतो."

इथं तांबूस गोळा अर्धा बुडाला, मग नखाएवढा उरला. "गेला," दाजी म्हणाले. पलीकडून जवळजवळ त्याच वेळी आवाज आला, "इथला पण गेला, आप्पा." आणि ती रडता रडता हसली. तिथं त्या वेळी दुपारच होती म्हणे, आणि इथं संध्याकाळ. ज्या घड्याळवाल्यांच्या धंद्याला दाजींनी आयुष्यभर नावं ठेवली, त्यानंच ही सोय करून ठेवली होती.

त्या दिवसापासून दाजी दुकान लवकर बंद करू लागले. रोज बांधावर उभं राहायचं, फोन कानाला, आणि दोघांनी मिळून सूर्य बुडवायचा. कधी तिथं ढग असले तर दाजी इथल्याचं वर्णन करून सांगत. बोलायला विषय लागतोच असं नव्हतं. अक्कानं मेथीचे लाडू पाठवले, दाजींनी काय पाठवायचं ते ठरेना, म्हणून शेवटी मळ्यातली मूठभर माती पाठवायचं म्हणत होते. सुवर्णानंच सांगितलं, ती विमानतळावर अडवतील. माघ संपता संपता तिथला दिवस मोठा होऊ लागला आणि तिचा सूर्य आमच्यामागं रेंगाळू लागला. "आता तुझा जिंकला," दाजी तिला म्हणाले. मार्चमध्ये पृथ्वीवर सगळीकडे दिवस-रात्र सारखी होते त्या दिवशी त्यांनी दुकानात पेढे वाटले. लोकांना वाटलं, घरात पाळणा हलला. दाजींनी खुलासा केला, "आज सगळ्या डिग्र्या सारख्या," आणि पोत्यांआडचा गोल पुसून पुन्हा गल्ल्यावर ठेवला.

नंतर एकदा मी त्यांना विचारलं, "दाजी, त्या दिवशी तुम्ही 'ये' म्हणाला असतात तर ती आली असती."

"आली असती," ते म्हणाले. "म्हनून तर म्हनलो न्हाय."

सुवर्णा तिथं रुजली. नाशिकचा एक मुलगा तिथं नोकरीला होता, त्याच्याशी लग्न ठरवलं. दाजींनी गोल पाहिला आणि "नाशिक वीस. चालतंय," म्हणून एका वाक्यात संमती दिली. लग्न नाशिकला झालं, जेवण चांगलं होतं, दोघं परत गेली. मग नात झाली, इरा. दाजींना तिकडं नेण्याचे बरेच प्रयत्न झाले. रक्तदाब, मळा, दुकान अशी एकेक कारणं पुढं करून त्यांनी ते हाणून पाडले. मला वाटतं, त्रेसष्ट अंशांवर आपल्याला सांगण्यासारखं काही उरणार नाही, अशी त्यांना भीती असावी.

गेल्या मे महिन्यात सुवर्णा इराला घेऊन आली. पोर चार वर्षांची, आईच्या ओढणीआडून जग बघणारी. मराठी तिला कळायचं, पण बोलायची वेळ आली की ओठ घट्ट मिटायची. दाजींच्या मिशांना ती बिचकत होती. त्यांनी गोल आणून पुढं ठेवला, तिनं तो ढकलून दिला. आंब्याची फोड दिली, ती तिनं आईच्या हातून खाल्ली. जेवणात मात्र दाजींचं लक्ष नव्हतं.

महिन्याच्या मध्यावरची ती दुपार. आम्ही पडवीत बसलो होतो. इरा खेळता खेळता अंगणात गेली आणि मधोमध थबकली. पुढं पाहिलं, मागं पाहिलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली. जिथं ती वाढली तिथं सूर्य कधी माथ्यावर येत नाही. सावल्या नेहमी अंगाबाहेर पडलेल्या, थंडीत तर झाडाएवढ्या लांब. आणि इथं, आमच्या एकोणीस अंशांवर, वर्षातून दोनदा सूर्य असा डोक्यावर उभा राहतो की सावली उरतच नाही.

"आजोबा," ती घाबरून ओरडली, "माझी सावली कुठंय?"

तिनं त्यांना मारलेली ती पहिली हाक. दाजी चप्पल न घालताच धावले. तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले तर त्यांचीही सावली नव्हती. आता सूर्य, वृत्तं, रेषा असं सगळं प्रवचन होणार, म्हणून मी सरसावून बसलो.

"पायाखाली हाय आपल्या," दाजी म्हणाले. "बघ उचलून."

तिनं एक पाय उचलला. खाली तेवढाच काळा ठिपका हलला. तिनं दुसरा पाय उचलून पाहिला, मग दाजींच्या पायाकडे बोट दाखवलं. दाजींनी आपलाही पाय उचलून दाखवला. मग जमीन पोळायला लागली तशी ती हात वर करून उभी राहिली आणि दाजींनी तिला कडेवर घेतलं.

सुवर्णा दारात येऊन उभी होती. "आप्पा, सांगा की तिला, असं का होतं ते. तुमचाच विषय आहे."

"सांगू की," इराच्या डोक्यावर उपरण्याचा पदर धरत दाजी म्हणाले. "काय घाई हाय एवढी?"

सुवर्णा आणि इराची परतीची तिकिटं पुढच्या आठवड्यातली होती, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. दाजी मात्र तिला कडेवर घेऊन त्या रणरणत्या उन्हात तसेच उभे राहिले, आणि अक्कानंही त्यांना आत या म्हणून हाक मारली नाही.